मिल्वॉकीचा मंगळवार

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें धबधबे, राजवाडे, निदान एखादें पुरातन देऊळ तरी उभें राहतें. अमेरिकेहून परत आल्यावर मलाहि जो तो हेंच विचारूं लागला, "नायगारा पाहिलात ना?" नायगारा मीं पाहिला. तो खरोखरच पाहण्यासारखा आहे. परंतु त्याचें वर्णन माझ्याहून समर्थ लेखण्यांनीं इतक्या वेळां केलेलें आहे कीं, त्यांत माझ्या मास्तरी शाईचे चार थेंब पडून कोणास कांहीं नवें मिळेल असें नाहीं. मी आज ज्या स्थळाविषयीं लिहिणार आहें तें म्हणजे मोटारी उभ्या करण्याच्या आवारामागचें एक बसकें, लांबलचक, बिनखिडक्यांचें घर आहे. बाहेरून पाहणारास तें धान्याचें कोठार वाटावें. पण सहा महिन्यांच्या मुक्कामांत मला जें कांहीं शिकावयास मिळालें, त्यांतील बहुतेक त्या कोठारांतच मिळालें. आणि छत्तीस वर्षें मुलांना शिकविण्यांत घालविलेल्या माणसास सहासष्टाव्या वर्षीं स्वतः शिकण्याचा योग यावा, ही गोष्ट माझ्या मतें नायगाऱ्याहून लहान नव्हे.

माझे चिरंजीव विस्कॉन्सिन राज्यांतील मिल्वॉकी शहरीं यंत्रांच्या एका कारखान्यांत इंजिनिअर आहेत. शिकागोच्या उत्तरेस सुमारें नव्वद मैलांवर हें शहर मिशिगन सरोवराच्या कांठीं वसलेलें आहे. सरोवर म्हणावयाचें तें केवळ पाणी गोडें म्हणून. एरव्हीं पैलतीर दिसत नाहीं, लाटा किनाऱ्यावर आपटतात, क्षितिजावर जहाजें दिसतात. कोंकणांत बालपण गेलेल्या मला पहिल्या दिवशीं त्या वाऱ्याला खारा वास कसा नाहीं याचेंच नवल वाटत राहिलें.

एकोणिसाव्या शतकांत येथें जर्मन लोक फार मोठ्या संख्येनें येऊन स्थायिक झाले. त्यांनीं आपल्याबरोबर बिअर करण्याची कला आणली, गायनमंडळ्या आणल्या, आणि नऊ खुंट्या मांडून त्या गोळ्यानें पाडण्याचा आपला जुना खेळहि आणला. पुढें अमेरिकेंत नवांच्या दहा खुंट्या झाल्या. १८९५ सालीं न्यूयॉर्क येथें अमेरिकन बोलिंग काँग्रेस नांवाची संस्था स्थापन होऊन खेळाचीं मापें व नियम सर्व देशभर एकसारखे ठरले. या संस्थेची कचेरी कित्येक दशकें मिल्वॉकी व तिच्या उपनगरांत होती. अनेक संस्थांच्या एकीकरणानंतर २००८ मध्यें ती टेक्सास राज्यांत गेली. कचेरी गेली तरी खेळ गेला नाहीं. शहराच्या दक्षिण भागांतून जातांना मुलानें मला एक जुनें मद्यगृह दाखविलें. त्याच्या तळघरांत १९०८ सालापासून बोलिंगच्या दोन पट्ट्या असून, सगळीकडे यंत्रें आल्यानंतरहि तेथें पडलेल्या खुंट्या पोरांकडून हातानें उभ्या करून घेण्याची रीत जपलेली होती. ज्या गांवीं हिवाळ्यांत दिवस दिवस पारा शून्याखालीं असतो, तेथें छपराखालीं खेळण्याचा हा खेळ रुजला यांत नवल तें काय! क्रिकेटांतील गोलंदाजीशीं या बोलिंगचा नांवापलीकडे संबंध नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों.

सप्टेंबर महिन्यांत आम्ही उभयतां तेथें पोंचलों आणि पहिल्याच मंगळवारीं संध्याकाळीं चिरंजीव म्हणाले, "नाना, आज आमच्या लीगचा दिवस. चला, गंमत पाहा." लीग म्हणजे ठरलेल्या संघांनीं सप्टेंबरपासून वसंतापर्यंत दर आठवड्याला ठरलेल्या वारीं एकमेकांशीं खेळणें. आंत पाऊल टाकतांच प्रथम कानांवर आला तो गडगडाट. वॉशिंग्टन आयर्व्हिंग यांची १८१९ सालीं प्रसिद्ध झालेली रिप व्हॅन विंकलची गोष्ट ज्यांनीं वाचली असेल त्यांना आठवेल कीं, डोंगरांतला मेघगर्जनेसारखा आवाज हा वस्तुतः तेथील विचित्र मंडळींच्या अशाच एका खेळाचा असतो. तो आवाज मीं येथें प्रत्यक्ष ऐकला.

दुसरी गोष्ट जोड्यांची. रस्त्यावरचे जोडे काढून गुळगुळीत तळाचे खास जोडे तेथें भाड्यानें घ्यावे लागतात. आदल्या दिवशीं कोणा परक्यानें घातलेले जोडे आपण पैसे देऊन पायांत घालावयाचे, हें ऐकून आमच्या सौभाग्यवतींनीं पदर नाकाला लावला. मीहि मनांतून चरकलों. पण "आपद्धर्म" या एका शब्दानें आपल्या शास्त्रकारांनीं आपली केवढी सोय करून ठेवली आहे!

खेळाची मांडणी मात्र पाहतांक्षणींच मनांत भरली. लांकडाच्या एकोणचाळीस फळ्या जोडाव्या तशी साडेतीन फूट रुंदीची, आरशासारखी चकचकीत पट्टी. तिला लेन म्हणतात. खेळाडूनें ओलांडूं नये अशी एक रेघ. तेथून साठ फुटांवर पहिली पिन. पिना दहा, एक, दोन, तीन, चार अशा ओळींनीं त्यांचा समभुज त्रिकोण केलेला. प्रत्येक पिन सव्वा फूट उंच आणि सुमारें साडेतीन पौंड वजनाची. गोळा जास्तींत जास्त सोळा पौंडांचा. त्याला अंगठा व दोन बोटें घालण्यासाठीं तीन भोंकें. पट्टीच्या दोन्ही अंगांस पन्हळी. त्यांस तेथें गटर म्हणतात, आणि त्यांत गेलेल्या गोळ्याची किंमत आपल्याकडील गटारांत गेलेल्या चेंडूहूनहि कमी, म्हणजे शून्य.

एका डावाच्या दहा फेऱ्या. प्रत्येक फेरींत दोनदां गोळा टाकावयास मिळतो. पहिल्याच गोळ्यानें दहाहि पिना पडल्या तर तो "स्ट्राइक". त्याचे दहा गुण, आणि शिवाय पुढील दोन गोळ्यांनीं जितक्या पिना पडतील तितके गुण. दोन गोळ्यांत मिळून दहा पडल्या तर "स्पेअर". त्याचे दहा, आणि पुढील एका गोळ्याचे अधिक. म्हणजे आजच्या यशाचें पुरतें मोल उद्यांचें कर्म झाल्यावांचून ठरत नाहीं. ओळीनें बारा स्ट्राइक झाले तर तीनशें गुणांचा परिपूर्ण डाव होतो. ओळीनें तिघांस "टर्की" म्हणतात. त्या पक्ष्याचें व त्या पराक्रमाचें नातें मला शेवटपर्यंत उमगलें नाहीं.

आतां मंडळी. मुलाच्या संघांत चौघे होते: अठ्ठ्याहत्तर वर्षांचा एक निवृत्त लेथ-कारागीर, साठीच्या घरांतला कृष्णवर्णी टपालवाला, एका शाळेच्या भटारखान्यांत काम करणारी बाई, आणि आमचे चिरंजीव. दोन संघ शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांवर एकमेकांशीं तीन डाव खेळत. एवढ्या विषम वकुबाचीं माणसें एकत्र कशीं खेळतात हा प्रश्न मला प्रथम पडला. त्याचें उत्तर "हँडिकॅप" या युक्तींत आहे. या लीगमध्यें २२० हा आंकडा प्रमाण धरीत. आपली सरासरी त्याहून जितकी कमी असेल त्याच्या शेंकडा नव्वद गुण आपणांस प्रत्येक डावांत अधिक मिळत. सरासरी १८० असणारास छत्तीस, तर १२० असणारास नव्वद. म्हणजे लढत दुसऱ्याशीं असते खरी, पण जिंकतो तो बहुधा ज्यानें आपल्या कालच्या स्वतःवर मात केली तो. जन्मभर ग्रेस मार्कांविरुद्ध भांडलेल्या मला ही व्यवस्था पहिल्या दिवशीं अन्यायाची वाटली.

आणि येथेंच माझ्या हातून प्रमाद घडला. मी मागच्या बांकावर बसलों, खिशांतली लहान वही काढली, आणि चौघांचे गुण व चुका टिपूं लागलों. गुण दाखविण्यास तेथें यंत्र आहे. माझ्या वहीची गरज कोणासच नव्हती. पण सवय! डाव संपला कीं मी मुलास बोलावून सांगें, "तुझा उजवा खांदा वळतो. सातव्या फेरींत घाई केलीस. ती सोपी पिन सोडावयास नको होती." तो "हो नाना" म्हणे आणि पुढच्या डावास जाई. त्याची सरासरी १६८ होती. माझ्या देखरेखीखालीं तीन मंगळवारांत ती १३१, १२८ व ११९ अशी उतरत गेली. मीं ते आंकडे वहींत तांबड्या शाईनें लिहिले.

तिसऱ्या मंगळवारीं रात्रीं भांडीं आवरतांना सूनबाई हळूच म्हणाली, "नाना, एक सांगूं का? रागावणार नाहीं ना?"

"सांग."

"तुम्ही वही उघडलीत कीं त्यांचा हात आखडतो. मंगळवार म्हणजे त्यांचा आनंदाचा दिवस. कारखान्यांतून कितीहि दमून आले तरी तेथें जाऊन हसत परत येत. हल्लीं मंगळवारीं ते दुपारपासून गप्प असतात."

मी कांहीं बोललों नाहीं. पण त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. मुलगा सातवींत असतांनाची पाठांतरस्पर्धा आठवली. मी पहिल्या रांगेंत बसलों होतों. स्तोत्र त्याला घडाघडा येत होतें. तिसऱ्या श्लोकाशीं त्याची नजर माझ्याकडे वळली, माझे ओठ त्याच्याबरोबर हलतांना त्यानें पाहिले, आणि तो थांबला तो थांबलाच. मॅट्रिकच्या परीक्षेंत त्याला संस्कृतांत चौऱ्याण्णव गुण मिळाले तेव्हां माझ्या तोंडून निघालेलें पहिलें वाक्य होतें, "सहा कोठें गेले?" हें मीं प्रेमानेंच विचारलें होतें. पण गोळ्याच्या वजनाप्रमाणें प्रेमाच्या वजनानेंहि हात अवघडतो, हें मला साठ फुटांच्या त्या पट्टीनें शिकविलें.

क्षमा मागण्याची रीत आमच्या पिढीच्या बापांना येत नाहीं. शनिवारीं सकाळीं मीं एवढेंच म्हटलें, "अरे, मला तो गोळा टाकावयास शिकवशील का?" त्यानें माझ्याकडे कांहीं वेळ पाहिलें. मग म्हणाला, "चला नाना, आत्तांच जाऊं."

त्या शनिवारीं तो माझा गुरु झाला. त्यानें मला आठ पौंडांचा गोळा निवडून दिला. पहिले सहा गोळे पन्हळींत गेले. माझी मूठ घट्ट वळलेली, दांत आवळलेले, श्वास कोंडलेला. तेवढ्यांत तो लेथवाला म्हातारा सरावासाठीं आला. त्यानें माझा हात पाहिला आणि जें सांगितलें तें मीं घरीं येऊन लिहून ठेवलें. (वहीचा तेवढाच सदुपयोग!) तो म्हणाला, "लेथवर हत्यार जितकें आवळून धरावें तितका हात लौकर थकतो, आणि काम बिघडतें. येथेंहि तसेंच. गोळा तुम्ही ढकलूं नका. हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल सोडा. तो मागें जाईल, आपल्याच वजनानें पुढें येईल. तुम्ही फक्त आड येऊं नका."

विचार करतां यांतलें शास्त्र ध्यानांत आलें. गोळा सुटतांना प्रथम अंगठा बाहेर यावयास हवा, मग बोटें. भीतीनें मूठ आवळली कीं अंगठा अडकतो, गोळा उशिरां सुटतो, दण्‌कन् आपटतो, आणि वाटेल तिकडे जातो. नजरेचेंहि तसेंच. साठ फुटांवरच्या पिनांकडे टक लावून पाहणारा बहुधा चुकतो. पट्टीवर सुमारें पंधरा फुटांवर सात लहान बाण काढलेले असतात. आपला गोळा त्यांपैकीं एका बाणावरून जावा एवढेंच पाहावें, पुढचें गोळा पाहून घेतो. अर्जुनाला पक्ष्याचा केवळ डोळा दिसत होता, असें मीं छत्तीस वर्षें मुलांना सांगत आलों. येथें मला कळलें कीं, दूरच्या डोळ्यापेक्षां जवळचा बाण पाहणेंहि एकाग्रताच आहे, आणि ती पुष्कळ सोपी आहे.

आपल्या धनुर्वेदांत आयुधांचे "मुक्त" व "अमुक्त" असे भेद सांगितले आहेत. हातांतून सुटणारें तें मुक्त, हातांत राहणारें तें अमुक्त. हा भेद मीं मुलांकडून कित्येकदां पाठ करवून घेतला. पण जें मुक्त आहे त्यावर सुटल्यानंतर आपली सत्ता नसते, हा त्याचा अर्थ मला उलगडला तो मिल्वॉकीस. तेथील नवशिके गोळा सोडल्यावर कमर वांकवून, हात हलवून, डोळे मोठे करून त्याला वळवूं पाहतात. मीहि तेंच केलें. गोळा ऐकत नाहीं. मुलगाहि तेव्हां माझ्याशेजारींच उभा होता.

नोव्हेंबरांत भटारखान्यांतील बाई आपल्या लेकीच्या बाळंतपणास परगांवीं गेली आणि तिच्या जागीं बदली म्हणून माझें नांव रीतसर नोंदविण्यांत आलें. लीगच्या नियमाप्रमाणें माझा हँडिकॅप त्याच रात्रीच्या सरासरीवरून ठरणार होता. पहिला गोळा टाकला. तो चार पावलें सरळ गेला व मग निमूटपणें पन्हळींत उतरला. मीं मागें वळून "सॉरी" म्हटलें. टपालवाला गंभीरपणें म्हणाला, "येथें क्षमा फक्त कोणाच्या पायावर गोळा पाडलात तरच मागावयाची." आणि तिघांनींहि हात पुढें करून माझ्या हातावर टाळी दिली. ही तेथील रीत मला फार आवडली. गोळा चांगला पडो वा वाईट, परत येणाऱ्यास प्रत्येकाची टाळी मिळतेच. ती यशाची पावती नसून "तूं आमच्यांत आहेस" एवढेंच सांगणारी असते. तेव्हांपासून माझा श्वास मोकळा झाला. तीन डावांत मला ७१, ८४ व ९७ गुण मिळाले. सरासरी ८४, हँडिकॅप १२२. जन्मांत प्रथमच मीं ग्रेस मार्क घेतले, आणि तेहि मिळविलेल्या मार्कांहून अधिक! आम्ही त्या रात्रीं तीनपैकीं दोन डाव जिंकलों.

मन मोकळें ठेवण्याच्या तेथील कांहीं साध्या युक्त्या सांगण्यासारख्या आहेत. गोळा उचलण्यापूर्वीं शेजारच्या पट्टीवरील माणूस तयारींत असेल तर आपण थांबावयाचें. त्या थांबण्यांत श्वास आपोआप खालीं बसतो. गोळा वाईट पडला तर वळतांना त्याविषयीं एकच वाक्य बोलावें, तेंहि विनोदाचें, आणि बांकावर पोंचेपर्यंत तें विसरावें. डाव चालूं असतां कोणी विचारल्याखेरीज कोणास शिकवूं नये. माझ्यासारख्यास हें सर्वांत कठीण गेलें. आणि शेवटचें: एका फेरींत तिघांचे स्ट्राइक होऊन चौथा राहिला तर त्यानें सर्वांस बिअर पाजावयाची, असा त्यांच्यांत संकेत आहे. हा मान बहुतेक मलाच मिळे. मी निर्व्यसनी असल्यामुळें माझ्याकडून बटाट्याच्या तळलेल्या कापांवर तडजोड झाली, आणि ते काप आमच्या सौभाग्यवतींनाहि चालत. भाड्याच्या जोड्यांवरील त्यांचा राग त्यामुळें बराच निवळला.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हा सारा पोरखेळ. मलाहि तसेंच वाटलें असतें; पण डिसेंबरांतल्या एका बर्फाळ रात्रीं, मोटारींवरचें बर्फ खरवडून होईपर्यंत दाराशीं उभे असतां, टपालवाल्यानें मला आपल्या वडिलांची हकीकत सांगितली. ते दक्षिणेकडून मिल्वॉकीच्या कारखान्यांत कामास आले. दिवसभर गोऱ्या सोबत्यांच्या खांद्याला खांदा लावून राबत. पण संध्याकाळीं ते सोबती लीग खेळावयास निघत तेव्हां हे घरीं जात. कारण अमेरिकन बोलिंग काँग्रेसच्या घटनेंत गोऱ्या पुरुषांखेरीज कोणास सभासद होतां येत नसे. कांहीं दिवस त्यांनीं पिना उभ्या करण्याचेंहि काम केलें होतें. "पिना उभ्या करावयास त्यांना बंदी नव्हती," तो म्हणाला, "फक्त पाडावयास होती." या मज्जावामुळें कृष्णवर्णीयांनीं १९३९ सालीं डेट्रॉइट येथें स्वतःची निराळी बोलिंग संस्था काढली. मोटारकामगारांच्या संघानें व इतर अनेकांनीं चळवळ केली, प्रकरण न्यायालयांपर्यंत गेलें, तेव्हां कोठें १९५० सालीं तें कलम रद्द झालें. त्या वर्षीं त्याच्या वडिलांचें वय पंचवीस होतें. "त्यांची सरासरी फार मोठी कधींच नव्हती," तो हसून म्हणाला, "पण मंगळवार त्यांनीं शेवटपर्यंत चुकविला नाहीं."

मला त्यावर उत्तर सुचलें नाहीं. माझ्या डोळ्यांपुढें माझ्या गांवचा पाणवठा आला, पंक्तीला बसणारे आणि पत्रावळी उचलणारे आले. एका बांकावर बसून हसणें ही क्षुल्लक गोष्ट आहे असें त्यालाच वाटतें, ज्याला त्या बांकावर कोणीं कधीं नाकारलेलें नसतें. त्या रात्रीनंतर भाड्याच्या जोड्यांविषयीं आमच्या घरांत कोणीं थट्टा केली नाहीं.

आजची अडचण वेगळी आहे. बंदी गेली, परंतु माणसेंच येईनाशीं झालीं. रॉबर्ट पटनम या विद्वानानें १९९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या "बोलिंग अलोन" या निबंधांत नमूद केलें आहे कीं, १९८० ते १९९३ या काळांत अमेरिकेंत बोलिंग खेळणारे शेंकडा दहांनीं वाढले, पण लीगमध्यें खेळणारे शेंकडा चाळीसांनीं घटले. म्हणजे लोक खेळतात. ठरलेल्या वारीं, ठरलेल्या सोबत्यांसह खेळत नाहींत. याच नांवाचा त्यांचा ग्रंथ २००० सालीं निघाला. आमच्या लीगमध्येंहि भिंतीवरच्या जुन्या छायाचित्रांत जेवढे संघ दिसत, त्यांच्या निम्मेहि आतां उरले नव्हते. लेथवाला म्हणे, "गोळे यंत्र परत आणतें, पिना यंत्र उभ्या करतें, गुण यंत्र मोजतें. यंत्रानें करण्यासारखें नाहीं असें येथें एकच उरलें आहे, तें म्हणजे येणें."

फेब्रुवारींतला आमचा शेवटचा मंगळवार. बाई परत आली होती, म्हणून मी पुन्हां मागच्या बांकावर. वही मीं नातवास देऊन टाकली होती. तो तींत विमानें काढीत होता. तिसऱ्या डावाची दहावी फेरी आली. दोन्ही संघांचे गुण जवळजवळ सारखे. मुलगा उठला, गोळा पुसला, आणि शेजारची पट्टी मोकळी होईपर्यंत थांबला. माझे ओठ हलूं पाहत होते; मीं तोंडांत बटाट्याचा काप टाकला.

गोळा सुंदर गेला. नऊ पिना पडल्या. उजव्या कोंपऱ्यांतली एक डोलली आणि उभीच राहिली. दुसरा गोळा तिच्या अगदीं अंगाजवळून, केसभर अंतरानें, पन्हळींत गेला. आम्ही चार गुणांनीं हरलों.

मुलगा वळला. वळतांना, मला वाटतें सातवीनंतर प्रथमच, त्यानें सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलें. जुन्या सवयीनें प्रश्न जिभेवर आला होता. मी उठलों, पुढें गेलों आणि हात पुढें केला. टाळी जरा मोठ्यानेंच वाजली. मीं म्हटलें, "काय गडगडला रे तो पहिला गोळा!"

तो हसला. "हो ना? मलाहि तोच आवडला." मग जोडे बदलतां बदलतां खालीं मान घालून म्हणाला, "नाना, पुढच्या सप्टेंबरांत याल ना? बदली म्हणून नको, पुरतें नांव घालूं तुमचें."

मीं "पाहूं" म्हटलें. व्हिसा, प्रकृति, विमानाचें भाडें, या सर्व गोष्टी आपल्या हातांतल्या नाहींत. त्या मुक्त वर्गांतल्या. परत आल्यापासून आमच्या वाड्यांत मात्र एक फरक झाला आहे. रविवारीं दुपारीं घरांतलीं मुलें ओटीवर सोंगट्या मांडतात तेव्हां मीहि खेळावयास बसतों, बहुधा हरतों, आणि हिशेब कोणास विचारीत नाहीं. परवां शेजारच्या मुलाचें शाळेंत पाठांतर होतें. त्यानें आग्रहानें बोलाविलें म्हणून गेलों, आणि शेवटच्या रांगेंत खांबाआड जागा धरून बसलों. मध्येंच एक चरण तो चुकला, पण थांबला नाहीं. बाहेर आल्यावर त्यानें विचारलें, "आजोबा, कसें झालें?" मीं त्याच्यापुढें हात केला. टाळी कशाची तें त्याला कळलें नाहीं. पण त्यानें ती जोरानें दिली.